फिल्टर कोण बदलणार?

'जारी' हा शब्द आपण मराठीत सर्रास वापरतो. आदेश जारी झाला, शोध जारी आहे, उपोषण जारी. अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि सरकारी कचेरीत जाऊन बसला. मूळ अर्थ मात्र पाण्याचा आहे. जारी म्हणजे वाहतं. तसाच दुसरा शब्द 'नियत'. नियत खोटी असली की बरकत नाही, हे आमच्या गावातली कुठलीही म्हातारी सांगेल, मग तिच्या कपाळावर कुंकू असो की डोक्यावर ओढणी.

आज या दोनच शब्दांबद्दल लिहायचंय. विषय जरा जड आहे, तेव्हा पोहे समोर असतील तर आधी ते संपवा :)

इस्लाममध्ये 'सदका-ए-जारिया' अशी एक कल्पना आहे. सदका म्हणजे दान, आणि जारिया म्हणजे वर सांगितलं तेच, वाहणारं. पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या ज्या नोंदी आहेत त्यांना हदीस म्हणतात. त्यातल्या 'सहीह मुस्लिम' या संग्रहात एक हदीस आहे, तिचा मतलब असा: माणूस मेला की त्याच्या कर्मांचं खातं बंद होतं, तीन गोष्टी सोडून. एक, वाहतं दान. दोन, लोकांच्या उपयोगी पडत राहणारं ज्ञान. तीन, आईबापासाठी दुआ करणारी नेक औलाद.

आमच्या भाषेत सांगायचं तर मेन प्रोसेस बंद झाली, पण तिने सुरू केलेल्या तीन प्रोसेस बॅकग्राउंडला चालू आहेत आणि लॉग अजूनही तिच्याच नावावर पडतोय.

दुसरी हदीस याहून प्रसिद्ध. 'सहीह बुखारी' हा सगळ्यात मान्यताप्राप्त संग्रह, त्याची सुरुवातच हिने होते. कर्मांचा हिशेब नियतीवर होतो, ज्याने जे मनात धरून केलं त्याला ते मिळतं, असा तिचा आशय. पुढचं उदाहरण मला फार आवडतं. मक्केहून मदिनेला हिजरत करणारे लोक. एक जण देवासाठी आणि पैगंबरासाठी घर सोडतो, दुसरा काही दुनियेचा फायदा किंवा एखाद्या बाईशी लग्न डोळ्यासमोर ठेवून निघतो. वाट तीच, ऊन तेच, पायाला फोडही तेवढेच. पण दोघांचा प्रवास एक नाही. ज्यांनी ऑनसाइटला जाणारी विमानं पाहिलीत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. माझ्यासाठी ते अवघड झालं २०२३ साली.

अब्बा २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी ३१ वर्षं शिकवलं. गावात त्यांना नावाने कोणी हाक मारायचं नाही, फक्त 'गुरुजी'. संध्याकाळी आमच्या पडवीत चौथीच्या स्कॉलरशिपचा वर्ग भरायचा. फी नाही. अम्मी मधूनच चहा द्यायची, पण तो फक्त अब्बांना. पोरांना चहा देऊन त्यांच्या आयांच्या शिव्या कोण खाणार!

पुढच्या वर्षी बरसी जवळ आली तशी घरात चर्चा सुरू झाली की अब्बांच्या नावाने काहीतरी कायमचं करू. आमच्यात याला इसाले-सवाब म्हणतात, म्हणजे चांगलं काम करून त्याचं पुण्य गेलेल्या माणसाला पोचवणं. पैसे फार नव्हते, पण अगदीच नव्हते असंही नाही. मामूंनी लगेच सांगून टाकलं, "मशिदीत वॉटर कूलर बसव बेटा. वर संगमरवराची पाटी. अब्बांचं नाव, जन्म, मृत्यू. झालं." कूलर ४८ हजाराच्या आसपास पडत होता, पाटीचे वेगळे.

अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, "नाम कायकू? अल्ला कू मालूम नै क्या कौन दिया?"

(आमच्या घरात दख्खनी आणि मराठी अशी खिचडी चालते. रागात दख्खनी, हिशेबात मराठी.)

मामू गप्प बसणारे नाहीत. त्यांचा मुद्दाही बिनतोड होता. "आपा, नाव मिरवायला नाही लावत. पाणी पिणारा पाटी वाचेल, दोन शब्द दुआ करेल. पाटीच नसली तर कुणासाठी करेल? आणि चार लोक बघून अजून चार कूलर देतील."

आता यात बरोबर कोण? मला वाटलं होतं की धर्माचं पुस्तक उघडलं की याचं एका ओळीत उत्तर मिळेल. तसं होत नाही. मामूंच्या बाजूनेही पुरावा आहे. साद बिन उबादा नावाचे एक सहाबी होते, म्हणजे पैगंबरांचे सोबती. त्यांची आई वारली. तिच्यासाठी कोणतं दान सगळ्यात चांगलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, पाणी. सादनी विहीर खणली आणि ती उघडपणे आईच्या नावाने दिली. म्हणजे गेलेल्याचं नाव घेणं काही गुन्हा नाही. कुराणातही उघड दिलेलं दान चांगलंच म्हटलंय. फक्त त्याच आयतीत पुढे असंही आहे की गुपचूप गरिबाला दिलंत तर ते तुमच्यासाठी जास्त चांगलं.

अम्मीच्या बाजूने तर पुरावेच पुरावे. कयामतच्या दिवशी ज्या सात प्रकारच्या लोकांना देवाची सावली मिळणार, त्यातला एक म्हणजे उजव्या हाताने काय दिलं ते डाव्या हातालाही कळू न देणारा. आणि एक हदीस अशी आहे की ती वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. हिशेबाच्या दिवशी सगळ्यात आधी तिघांना उभं करतील. एक लढाईत शहीद झालेला, एक मोठा आलिम, एक सढळ हाताने देणारा धनवान. तिघेही सांगतात, देवा, तुझ्यासाठीच केलं. उत्तर येतं, खोटं. लोकांनी शूर म्हणावं, विद्वान म्हणावं, दानशूर म्हणावं म्हणून केलंत. आणि ते तर म्हणून झालं. तिघांचीही रवानगी जहन्नममध्ये.

'ते तर म्हणून झालं' हा भाग बघा. बिल आधीच चुकतं झालंय, आता परत कसलं मागता? या दिखाव्याला 'रिया' म्हणतात, आणि याच्या उलट ती 'इखलास', म्हणजे निर्भेळपणा. तेलात भेसळ नसावी तसा.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बुखारीतली कुत्र्याची गोष्ट आहे. एक माणूस तहानेने व्याकूळ होऊन विहिरीत उतरतो, पाणी पितो. वर येतो तर एक कुत्रा तहानेने ओली माती चाटतोय. हा परत खाली उतरतो, आपल्या मोज्यात (चामड्याचा असायचा तेव्हा) पाणी भरतो, हात चढायला मोकळे हवेत म्हणून तो दातात धरून वर येतो, कुत्र्याला पाजतो. एवढ्यावर त्याचे गुन्हे माफ. आजूबाजूला चिटपाखरू नाही, आणि कुत्रा काही स्टेटसला फोटो टाकणार नव्हता. सोबत्यांनी विचारलं, जनावरांसाठीही सवाब आहे का? तर हो, जिवंत असलेल्या प्रत्येक जिवासाठी आहे.

हे सगळं वाचल्यावरही माझ्यातला इंजिनिअर कुरकुरतच होता. त्याचं म्हणणं साधं होतं. तहानलेल्याला नियतीशी काय करायचंय? पाणी थंड आहे ना? आउटपुट बरोबर आहे ना? मग आत काय विचार करून कोड लिहिला याच्याशी युजरला काय घेणं?

मलिक अंबरचंच घ्या. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी हे शहर वसवलं (तेच पुढचं औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) आणि त्या शहरासाठी जमिनीखालून नहर खणली. पंप नाही, वीज नाही, फक्त उताराचा हिशेब. नहर-ए-अंबरी म्हणतात तिला. मलिक अंबर १६२६ मध्ये गेला, त्याची कबर खुलताबादला आहे, आणि नहरीचे भाग चारशे वर्षांनी आजही शहरात आहेत. आता त्याने ती सवाबासाठी खणली की राजधानीला पाणी हवं म्हणून? त्याच्या मनातलं कोण सांगणार. पिढ्यान् पिढ्या लोक पाणी प्यायले, त्यांचं काही अडलं नाही.

म्हणजे नियत हा फक्त देणारा आणि देव यांच्यातला खाजगी मामला आहे, असं मला वाटायला लागलं होतं. तेवढ्यात गावाला गेलो.

मशिदीत वजू करायच्या जागेजवळ तीन कूलर आहेत. तिन्हींवर पाट्या. नावं अगदी ठळक, सोनेरी अक्षरात. चालू एकच. एकाचा कॉम्प्रेसर गेलेला, दुसऱ्याचा नळ गळतो म्हणून वरूनच बंद केलेला. त्यावर आता लोक टोप्या आणि चपलांच्या पिशव्या ठेवतात. कमिटीतल्या चाचांना विचारलं तर म्हणाले, "नवा द्यायला रांग आहे. जुना दुरुस्त करायला कोण नाही. दुरुस्तीवर नाव कुठे घालणार?"

तिथे माझं कोडं सुटलं असं म्हणेन.

नियत आतच राहत नाही. ती डिझाइनमध्ये उतरते. पाटीसाठी केलेलं काम पाटी लागली की संपतं, कारण त्याचं उद्दिष्ट तिथे पूर्ण झालेलं असतं. पाण्यासाठी केलेलं काम पाणी चालू आहे तोवर संपत नाही. पहिल्या दिवशी दोन्हीकडे सारखंच थंड पाणी येतं, त्यामुळे फरक कळत नाही. तो तिसऱ्या उन्हाळ्यात कळतो.

आपल्या धंद्यात हे रोज दिसतं. २०२० चा हॅक्टोबरफेस्ट आठवतोय? ओपन सोर्सला हातभार लावा, चार पुल रिक्वेस्ट पाठवा आणि टी-शर्ट मिळवा. कल्पना छान होती. पण टी-शर्टसाठी आलेल्यांनी लोकांच्या रीडमी फाइलमध्ये एखादा शब्द घुसडून हजारो पुल रिक्वेस्ट पाठवल्या, आणि बिचारे मेंटेनर त्या बंद करत बसले. शेवटी आयोजकांना मध्येच नियम बदलावे लागले. नियत टी-शर्टची होती, त्यामुळे डिलिव्हरी पण टी-शर्टपुरतीच झाली.

आणि याच्या समोर विम ठेवा. ब्राम मोलेनारने हा एडिटर १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांना दिला आणि मरेपर्यंत, म्हणजे ऑगस्ट २०२३ पर्यंत, तो सांभाळला. बत्तीस वर्षं! रिकामा विम उघडला की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी एक ओळ समोर येते, ती त्यानेच घातली. सॉफ्टवेअर फुकट, पैसे द्यायचेच असतील तर त्या मुलांच्या संस्थेला द्या, असा त्याचा परवाना. तो गेल्यावर बाकीच्यांनी काम पुढे चालू ठेवलं आणि जानेवारी २०२४ ची ९.१ आवृत्ती त्याला अर्पण केली. ब्रामचा आणि सदक्याचा काही संबंध नाही, तो मी ओढूनताणून लावतही नाही. पण 'वाहतं' म्हणजे काय हे मला विम उघडल्यावर जितकं पटकन कळतं, तितकं तीन कूलरच्या मध्ये उभं राहून कळत नाही. (विममधून बाहेर कसं पडायचं हा वेगळा प्रश्न.)

गंमत म्हणजे हा मेंटेनन्सचा विचार इस्लाममध्ये पहिल्यापासून आहे. वक्फ हा शब्द हल्ली बातम्यांत फक्त भांडणापुरता येतो. त्याचा मूळ अर्थ थांबवणं, रोखून धरणं. खैबरला उमर यांच्या वाट्याला एक चांगली जमीन आली. याचं काय करू, म्हणून त्यांनी पैगंबरांना विचारलं. सल्ला असा मिळाला की मूळ जमीन रोखून धरा आणि तिचं उत्पन्न वाटून टाका. मग उमरनी ती तशी दिली. विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारशात जाणार नाही. उत्पन्न गरिबांना, नातलगांना, गुलाम सोडवायला, वाटसरूंना. आणि त्याच अटींमध्ये हेही आहे की जो ती जमीन सांभाळेल त्याने त्यातून रीतसर, गरजेपुरतं खाल्लं तर हरकत नाही.

वाचलंत ना? सातव्या शतकातला मेंटेनन्स बजेट! मूळ थांबवा म्हणजे फळ वाहील, आणि सांभाळणाऱ्याच्या पोटाची सोय आधीच करून ठेवा. नाहीतर एक तर तो पळून जाईल किंवा चोरी करेल.

जिथे हे जमलं तिथे काम टिकलं. खलिफा हारून अल-रशीदची बेगम जुबैदा ८३१ मध्ये बगदादला वारली. तिने हाजींसाठी मक्केला पाणी आणलं, ऐन जुबैदा. ते विसाव्या शतकापर्यंत लोकांच्या कामी आलं, साधारण अकराशे वर्षं. पण कुठलाही कालवा स्वतःहून अकराशे वर्षं टिकत नाही. तो गाळाने भरला, फुटला, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी पैसे आणि माणसं लावून साफ केला. सोळाव्या शतकात ऑटोमन काळात मोठी दुरुस्ती झाली. या मधल्या दुरुस्त करणाऱ्यांची नावं किती लोकांना माहीत आहेत? कालव्याचं नाव आजही जुबैदाचंच.

आणि जिथे जमलं नाही त्याचाही दाखला आहे. बंगालमधल्या हुगळीचे हाजी मोहम्मद मोहसीन. यांनी १८०६ मध्ये सगळी इस्टेट वक्फ केली आणि १८१२ मध्ये वारले. संसार नाही, मूलबाळ नाही. पण ते गेल्यावर मुतवल्लींनी, म्हणजे व्यवस्था पाहणाऱ्यांनी, पैशाचा घोळ घातला आणि शेवटी सरकारने कारभार हातात घेतला. पुढे त्याच पैशातून १८३६ मध्ये हुगळीचं कॉलेज सुरू झालं. तिथे कोण शिकलं? बंकिमचंद्र चट्टोपाध्याय! देणाऱ्याची नियत कितीही साफ असली तरी सांभाळणाऱ्याची बिघडली की नळ बंद, आणि कुणीतरी परत नीट लावला की चालू. देणाऱ्याने आपलं पाणी कुणाच्या तोंडी जाईल याची यादी केली नव्हती हेही बरंच झालं.

तर आमच्या घरची चर्चा. आपा (माझी मोठी बहीण, मिरजेला असते) सरळ अब्बांच्या शाळेत गेली. तिथे पोरं घरून बाटल्या भरून आणत होती. टाकीला फिल्टर होता. २०१९ मध्ये गावातल्याच एका दुकानदाराने आईच्या स्मरणार्थ दिलेला. तेही वारले, मुलं पुण्यामुंबईला, फिल्टर बदलायला कुणी नाही. दोन वर्षांपासून बंद. पाटी मात्र लख्ख, कारण शाळेचा शिपाई पंधरा ऑगस्टला ती पुसून घेतो.

आपा फोनवर म्हणाली, "नवीन काही नको. हाच चालू करू."

मामूंना पटेना. "अरे पण पाटी तर दुसऱ्याच्या आईची! अब्बांना काय मिळणार?"

गावातल्या हाफिजसाहेबांना विचारलं. ते वयाने माझ्याहून लहान आहेत, पण माणूस शांत. म्हणाले, "तुम्ही चालू केलंत तर सवाब तुमच्या अब्बांना पोचेल अशी उमेद ठेवा. ज्याने आधी दिलं त्याचंही काही कमी होत नाही. अल्लाहकडे एकाचं कापून दुसऱ्याला देत नाहीत." त्यांनी त्या हदीसचा दाखला दिला ज्यात चांगला पायंडा पाडणाऱ्याला मागून येणाऱ्यांच्या कामाचाही वाटा मिळतो आणि मागून येणाऱ्यांचा कणभरही घटत नाही. मामू थोडा वेळ दाढी कुरवाळत बसले आणि म्हणाले, "मग बसवा."

दुरुस्तीला साडेअकरा हजार लागले. खरा प्रश्न पुढचा होता. दर वर्षी फिल्टर, मेंब्रेन, इलेक्ट्रिशियन मिळून सहा-सात हजार. हे कुठून येणार? ऑफिसमधल्या मित्रांनी लगेच सांगितलं, एफडी कर, व्याजावर चालेल. पण व्याज आम्हाला चालत नाही, आणि अब्बांच्या नावाने तर अम्मीने ते ऐकूनही घेतलं नसतं. अब्बांनी तालुक्याला एक छोटा गाळा घेऊन ठेवला होता, साडेतीन हजार भाड्याने दिलेला. तो आता अम्मीचा, आपाचा आणि माझा. तिघांनी ठरवलं की वर्षातल्या दोन महिन्यांचं भाडं शाळेच्या पाण्याचं. सात हजार. अब्बांच्याच हिशेबाच्या वहीत आपाने ते लिहिलं आणि आम्ही तिघांनी सह्या केल्या. अम्मीने उर्दूत केली, हळूहळू, प्रत्येक अक्षर जोडत. कायद्याने हा वक्फ वगैरे काही नाही. पण मूळ धरून ठेवा आणि फळ वाहू द्या, हे उमर यांच्या जमिनीचं गणित गाळ्यालाही लागू पडतं.

पाटी लावली नाही. जुनी आहे तिथेच आहे.

हे मी इथे लिहितोय म्हणजे मी पण एक प्रकारे पाटीच लावतोय का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही आला. म्हणून गावाचं, शाळेचं, अब्बांचं नाव लिहिलेलं नाही. तेवढ्याने प्रश्न सुटतो असा माझा दावा नाही. नियत ही एकदा तपासून प्रॉडक्शनला टाकायची गोष्ट नव्हे, ती दर वेळी परत तपासावी लागते. कामाच्या आधी साफ असते, मध्येच कुणी वाहवा केली की भेसळ सुरू होते. त्या भीतीने काम सोडून द्यावं असं मात्र अजिबात नाही. लोक काय म्हणतील म्हणून चांगलं काम टाळणं, हेही शेवटी लोकांकडे बघूनच वागणं झालं.

आता त्या यादीतली दुसरी गोष्ट, उपयोगी पडणारं ज्ञान. त्याची काळजी अब्बांनी आमच्यावर सोडली नव्हती. जनाज्याच्या दिवशी एक जण आला होता, चाळिशीचा, ट्रॅक्टर रस्त्यावर तसाच उभा करून. मला म्हणाला, "दादा, उसाचं बिल आलं की कपातीची टक्केवारी मी स्वतः काढतो. कोणाला विचारत नाय. गुरुजींनी मारून मारून शिकवली हुती." मारल्याचंही तो कौतुकानेच सांगत होता. त्याची मुलगी आता आठवीत आहे आणि तिला टक्केवारी तोच शिकवतो. हा नळ आमच्या भाड्यावर चालत नाही.

राहिली तिसरी. दुआ करणारी नेक औलाद. यादी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा मी यावर फार थांबलो नव्हतो. मग लक्षात आलं की यातला तिसरा आयटम म्हणजे मीच. मी आणि आपा. फिल्टरला भाडं आहे, ज्ञानाला विद्यार्थी आहेत, याला फक्त आम्ही दोघं. ऑटो-पे लावता येत नाही. हाफिजसाहेबांना पाच हजार देऊन आउटसोर्स करता येत नाही, म्हणजे ते दुआ करतील आणि मनापासून करतील, पण त्या ओळीत 'औलाद' म्हटलंय. शिवाय त्याआधी 'नेक' हे विशेषण आहे, आणि ते कुणी फुकट देत नाही.

मी पाच वक्तांचा नमाजी नाही. जुम्मा सहसा चुकत नाही, रोजे ठेवतो, बाकी बहुतेकांचं असतं तसंच. कुराणात आईबापासाठी एक छोटीशी दुआ आहे. मी लहान असताना यांनी मला जसं वाढवलं तशी तू यांच्यावर दया कर, असा तिचा मतलब. अब्बांनीच पाठ करून घेतली होती, पहिलीत असताना, पाढ्यांच्या बरोबरीने. ती म्हणायला दहा सेकंदही लागत नाहीत. हिंजवडीच्या सिग्नलला कंपनीच्या बसमध्ये मी ती म्हणतो. कानात इअरफोन असतात, शेजारचा झोपलेला असतो, ड्रायव्हर कुणाला तरी शिव्या देत असतो. कुणाला काही कळत नाही. पाटी लावायची म्हटलं तरी लावायला जागा नाही. उजवा हात, डावा हात हा प्रश्नच येत नाही, कारण दोन्ही हातांत बॅग असते.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात अवघड असं हे एकच काम आहे बहुतेक. फिल्टर वर्षातून एकदा बदलतात, हे रोज.

असो, फार लांबलं. मेंब्रेन बदलायची तारीख मी जूनच्या पहिल्या आठवड्यात टाकून ठेवलीय, शाळा उघडायच्या आधी. इलेक्ट्रिशियन दर वर्षी विचारतो, "साहेब, बिल कोणाच्या नावाने करू?" मी शाळेच्या नावाने करायला सांगतो. तुमच्याही गावात, सोसायटीत, जुन्या कॉलेजात कुणाच्या तरी आईच्या, बापाच्या नावाचा एखादा नळ बंद पडलेला असेल. नवा बसवायच्या आधी एकदा त्याचं वॉशर बघून या. पन्नास रुपयांत होतं बरेचदा.